परमुलखात स्वतःचा पैसा

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर पट्ट्यावरून बॅग उचलून बाहेर आलं की लगेच चलन बदलून देणाऱ्या खिडक्या लागतात. पाट्या उजळ, माणसं हसतमुख, रांग लहान. रात्रभर जागून आलेला प्रवासी तिथेच थांबतो आणि डॉलर पुढे सरकवतो. त्याच इमारतीच्या तळघरात, शहराकडे जाणारी रेल्वे जिथून सुटते तिथे, आणखी काही खिडक्या आहेत. तिथला भाव जवळजवळ शहरातल्या बाजारभावाइतका असतो. शंभर डॉलरमागे दीड-दोनशे बाटचा फरक सहज पडतो, आणि एवढ्यात रस्त्याकडेच्या गाडीवर दोघांचं साधं जेवण होतं. इमारत तीच, नोटा त्याच. सरकत्या जिन्याने खाली गेलं की भाव बदलतो.

परदेशात पैशाचं नुकसान म्हटलं की आपल्याला पाकीटमार आठवतात. या लेखासाठी दादर, ठाणे आणि पुण्याच्या मनी चेंजरांच्या गाळ्यांत बसलो, ग्रुप टूर नेणाऱ्या टूर मॅनेजरांशी बोललो, मुलांकडे अमेरिकेला राहून आलेल्या आईवडिलांना भेटलो. पाकीट मारलं गेल्याच्या हकिगती थोड्या निघाल्या. घाईत, संकोचात, न विचारता गेलेल्या पैशाच्या मात्र घरोघरी निघाल्या. आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती भावातल्या फरकापेक्षा मोठी वाटते. आपलं कुटुंब परदेशात जातं तेव्हा सगळा पैसा एकाच माणसाच्या कमरेच्या पाऊचमध्ये असतो. उरलेली माणसं, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या बायका आणि म्हातारे, अनोळखी शहरात मोकळ्या हाताने हिंडत असतात.

ही सवय कुठून आली हे समजायला थोडं मागे जावं लागतं. परकीय चलन ही आपल्याकडे कित्येक वर्षं सरकारच्या तिजोरीतली वस्तू होती. साठच्या दशकात विलायतेला निघालेल्या मुलाच्या खिशात तीन पौंड असत. पुढे अमेरिकेला शिकायला गेलेली पिढी आठ डॉलर घेऊन विमानात बसली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. परदेशी जाण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे. १९७३चा ‘फेरा’ कायदा तर परकीय चलन बाळगण्याकडे गुन्हा म्हणूनच पाहत होता. तेव्हा घरात दहा-वीस डॉलर असलेच तर ते वडीलधाऱ्यांच्या कपाटात कुलपात असत, आणि त्यांना हात लावायची मुभा इतरांना नसे.

त्याच काळातली दुसरी एक गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. आखाती देशांमध्ये एकेकाळी आपला रुपयाच व्यवहारात होता. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत इथल्या बाजारात भारतीय नोटा चालत. पण त्याच नोटांनी सोनं खरेदी करून ते चोरून भारतात आणलं जाई आणि त्याचा भार आपल्या परकीय गंगाजळीवर पडे. म्हणून १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास ‘हज नोटा’ही त्याच वर्षी निघाल्या. मुंबई बंदरातून मोगल लाइनच्या बोटीने जेद्दाहला निघालेला कोकणातला यात्रेकरू या नोटा घेऊन जाई आणि तिकडे त्या वटवून रियाल घेई. कुवेतने १९६१मध्ये स्वतःचं चलन काढलं, बहरीनने १९६५मध्ये. १९६६च्या अवमूल्यनानंतर दुबईच्या परिसरातूनही हा रुपया गेला, आणि ओमानमधून १९७०मध्ये. पुढे रत्नागिरी-रायगडची माणसं आखातात नोकरीला गेली तेव्हा त्यांना परकं चलन कमावावं लागलं. ज्या गावात आजोबांची नोट चालत होती, तिथून नातवाने दिरहॅम पाठवले.

१९९४मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ हा कायदा आला. फेब्रुवारी २००४मध्ये परदेशी पैसे नेण्या-पाठवण्यासाठीची उदारीकृत विप्रेषण योजना सुरू झाली, तेव्हा माणशी वर्षाला २५ हजार डॉलरची मुभा होती. आज ती अडीच लाख डॉलरची आहे. कायदा मोकळा झाला, पण घराघरातलं वागणं अजून पी फॉर्मच्या काळातलंच आहे.

* * *

आता गाळ्यात जाऊ. दादरला स्टेशनच्या पश्चिमेला एका मनी चेंजरच्या काउंटरसमोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मुलीकडे जर्मनीला चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, “दादा, तुमचं कमिशन किती?” काउंटरमागचा मुलगा म्हणाला, “काकू, कमिशन अजिबात नाही. झीरो.” तो खोटं बोलत नव्हता. पण या धंद्यात कमाई कमिशनवर नसतेच. ती भावात असते. बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे असं धरलं, तर एक गाळा तो ९०.८० ला देईल, दुसरा ९२ ला, आणि विमानतळावरची खिडकी ९५ किंवा त्याहूनही चढ्या भावाने. तिघांच्याही पाटीवर ‘नो कमिशन’ असू शकतं. हजार डॉलर घेताना पहिल्या आणि तिसऱ्या खिडकीतला फरक चार हजार दोनशे रुपयांचा झाला.

म्हणून कमिशन विचारू नये. दोनच प्रश्न विचारावेत. पहिला: माझ्या हातात हजार डॉलर पडतील तेव्हा जीएसटीसकट माझ्याकडून एकूण किती रुपये गेलेले असतील? दुसरा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही: हेच हजार डॉलर मी या क्षणी तुम्हाला परत विकले तर किती द्याल? या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे त्या गाळ्याचा खरा नफा. अंतर कमी तिथे व्यवहार करावा. दोन-तीन गाळ्यांना फोन करून हेच विचारलं तर बहुतेक जण आपला भाव थोडा खाली आणतात. चलनाच्या भावात घासाघीस चालते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जीएसटीचं भय मात्र बाळगू नये. १८ टक्के ऐकून लोक दचकतात, पण तो सगळ्या रकमेवर लागत नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात आणि त्या एक टक्क्यावर १८ टक्के. ९१ हजार रुपयांचे डॉलर घेतले तर कर साधारण १६४ रुपये होतो. छोट्या व्यवहारात कमीत कमी ४५ रुपये. कुणी ‘टॅक्स’ म्हणून हजारो रुपये सांगू लागला तर पावती मागावी. पावती तशीही घ्यावीच, आणि गाळ्यात रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं. पन्नास हजार रुपयांच्या वरची खरेदी रोखीत करता येत नाही. चेक, कार्ड किंवा बँकेतून पैसे द्यावे लागतात. रोख घ्यायला तयार होणारा माणूस आपल्यावर उपकार करत नसतो. आणि चलन प्रवासाच्या आधी साठ दिवसांच्या आत घ्यायचं असतं, म्हणून भाव उतरला म्हणत चार महिने आधी धावपळ करू नये.

त्या काकूंना काउंटरवरच्या मुलाने युरोच्या नोटा मोजून दिल्या आणि त्यांनी त्या पर्समध्ये टाकल्या. मी त्यांना पुन्हा बाहेर काढायला सांगितल्या. एका नोटेच्या कोपऱ्यावर बॉलपेनने लिहिलेला आकडा होता. मुलाने कुरकुर न करता ती बदलून दिली. युरोपात अशी नोट चालूनही गेली असती, पण कंबोडिया, इंडोनेशिया, म्यानमार, आफ्रिकेतले काही देश इथे डॉलरच्या नोटेवर शाईचा ठिपका, शिक्का, घडीवर फाटलेली कड एवढंसुद्धा चालत नाही. एकतर नोट परत ढकलतात, नाहीतर भाव पाडतात. १९९६च्या आधीच्या, लहान चेहऱ्याच्या डॉलरच्या नोटा अमेरिकेत आजही वैध आहेत, तरी आशियातल्या अनेक खिडक्यांवर त्यांना दाद मिळत नाही. बँकॉकमध्ये शंभर आणि पन्नासच्या नोटेला जो भाव मिळतो तो एक-दोन-पाचच्या नोटांना मिळत नाही. म्हणून इथल्याच काउंटरवर नोट नोट उलटून पाहावी. मोठ्या नोटा कोऱ्या, टिपसाठी थोड्या सुट्या, आणि पिनने टोचलेली एकही घेऊ नये.

कुठलं चलन घ्यायचं याचंही एक गणित आहे. युरो, पौंड, दिरहॅम, सिंगापूर डॉलर यांची आपल्याकडे भरपूर उलाढाल आहे, ते इथूनच घ्यावेत. थायलंडचा बाट, व्हिएतनामचा डाँग, इंडोनेशियाचा रुपिया यांची उलाढाल कमी, म्हणून इथे त्यांच्या खरेदी-विक्रीच्या भावात फार अंतर असतं. अशा देशांत डॉलर घेऊन जावं आणि तिकडे गेल्यावर बदलावं. दोनदा बदल होऊनही ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. भारतीय नोटाही माणशी २५ हजार रुपयांपर्यंत बाहेर नेता येतात आणि दुबई-बँकॉकच्या मनी चेंजरांकडे त्या घेतल्याही जातात, पण भाव पाहून.

* * *

आता एटीएम. परदेशी एटीएममध्ये कार्ड घातलं, पिन दिला, रक्कम टाकली की काही मशीनच्या पडद्यावर एक जास्तीचं पान येतं. वर आपली रक्कम स्थानिक चलनात, खाली तीच रक्कम रुपयांत, मध्ये एक दर, आणि शेवटी दोन बटणं: ‘अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. रुपये दिसले की माणसाला हायसं वाटतं. शिवाय ‘डिक्लाइन’ दाबलं तर पैसेच येणार नाहीत, ही भीती. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांनी ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं होतं.

‘डिक्लाइन’ दाबल्यावरही पैसे येतात. त्या बटणाने व्यवहार रद्द होत नाही, रुपयांत बदलून देण्याचा प्रस्ताव तेवढा नाकारला जातो. मग रक्कम बाट किंवा युरोमध्येच आपल्या बँकेकडे येते, आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने तिचे रुपये होतात. तो दर बाजारभावाच्या खूप जवळचा असतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते, साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत. काही कार्डांवर तो शून्यही असतो. ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबलं तर त्या मशीनचा मालक स्वतःचा दर लावतो आणि तो कितीही टक्के वर असू शकतो. हेच हॉटेलात आणि दुकानात कार्ड स्वाइप करतानाही होतं. तिथे वेटर आपल्याला न विचारता रुपये निवडून मोकळा होतो. पावतीवर सही करण्याआधी, पिन टाकण्याआधी पडद्यावर स्थानिक चलनच आहे ना ते पाहायचं; नसेल तर ‘लोकल करन्सी, प्लीज’ म्हणायचं आणि व्यवहार पुन्हा करायला लावायचा. युरोपीय संघाने २०१९च्या नियमाने असा बदल करताना किती टक्के जास्त घेतले जातात हे ग्राहकाला दाखवणं सक्तीचं केलं. तरीही ते वाचायला थांबायचं काम आपलंच.

याशिवाय यंत्राची स्वतःची फी असते. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट द्यावे लागत, काही यंत्रांवर आता त्याहून जास्त. रक्कम कितीही असो, फी तेवढीच. दोन हजार बाट काढले तर ११ टक्के तिथेच गेले. वीस हजार काढले तर १.१ टक्का. लागेल तसे थोडे थोडे काढू, हा घरचा शहाणपणा तिथे महागात पडतो. तीन-चार दिवसांचा अंदाज बांधून एकदाच काढावेत. क्रेडिट कार्डावर मात्र रोख कधीही काढू नये. तिथे रोख काढण्याची वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज. जपानसारख्या देशात अजूनही छोट्या खानावळी आणि देवळं रोखीवर चालतात. तिथे सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममध्ये आपली कार्डं सहसा चालतात.

हे सगळं करायला कार्ड आधी जागं असावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी वापराचं बटण आपणच बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करायचं आणि मर्यादा ठरवायची. हे इथे बसून करायचं काम आहे. परक्या विमानतळावर, रोमिंग सुरू नसताना, ओटीपीची वाट बघत उभं राहिलेल्यांच्या हकिगती टूर मॅनेजर दर मोसमात सांगतात.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड, हा मला कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचा मार्ग वाटतो. भाव आधीच ठरतो, हरवलं तर बँक खातं उघडं पडत नाही, मुलगा इथून ते भरू शकतो. त्यातही एक खाच आहे. कार्डात युरो भरलेत आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये खर्च केला, तर वेगळ्या चलनाचं शुल्क लागतं. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंडमधलं टिटलिस नाहीतर युंगफ्राउ असतंच, म्हणून थोडे फ्रँक वेगळे भरावेत. तिथे नोटेने युरो दिले तर दुकानदार घेतो, पण सुटे फ्रँकमध्ये परत देतो, आणि ते पुढे इटलीत चालत नाहीत.

* * *

देशागणिक काही गोष्टी वेगळ्या आहेत. व्हिएतनामला आपले लोक आता मोठ्या संख्येने जातात. तिथे पाच लाख डाँगची नोट आणि वीस हजार डाँगची नोट, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या. एक साधारण सतराशे रुपयांची, दुसरी सत्तरीच्या आतली. संध्याकाळच्या उजेडात टॅक्सीत बसल्या बसल्या एक देऊन दुसरी दिल्यासारखं वाटतं. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणं हाच उपाय. तिथे सोनारांच्या दुकानात चांगला भाव मिळतो म्हणून लोक जातात, पण परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणं गुन्हा आहे. २०१८मध्ये कॅन थो शहरातल्या एका इलेक्ट्रिशियनने सोनाराकडे शंभर डॉलर बदलले आणि त्याला नऊ कोटी डाँगचा दंड ठोठावण्यात आला. देशभर ओरड झाल्यावर तो माफ झाला. नऊ कोटी डाँग म्हणजे जवळजवळ चार हजार डॉलर.

प्राग शहर वाईट भावासाठी कुप्रसिद्ध होतं. जुन्या चौकात ‘शून्य टक्के’च्या पाट्या आणि आत लुटीचा दर. तिथल्या सरकारने १ एप्रिल २०१९ पासून कायदा बदलला: एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो आणि पैसे परत मिळतात. प्रवाशाचा एवढा विचार केलेला कायदा मला दुसरीकडे आढळला नाही. आपल्याकडेही तो व्हायला हवा.

नेपाळमध्ये १९९३पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा पक्का दर आहे, त्यामुळे भावाची चिंता नाही. चिंता नोटेची. २०१६च्या नोटाबंदीत नेपाळी लोकांकडे आपल्या पाचशे-हजारच्या नोटा अडकून पडल्या, आणि २०१८च्या डिसेंबरात नेपाळने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालेल्या यात्रेकरूंचे गट त्यानंतर शंभराच्या गड्ड्या बांधून जाऊ लागले. अलीकडे हे नियम सैल करण्याकडे दोन्ही बाजूंचा कल आहे. निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती विचारावी. काठमांडूत आता क्यूआर कोडवर यूपीआयही चालतं. भूतानमध्ये ते २०२१पासून आहे. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालं. पॅरिसला आयफेल टॉवरचं तिकीटही त्यावर काढता येतं. पण यूपीआयच्या भरवशावर रोख न घेता निघणं धोक्याचं आहे. सगळी दुकानं त्यात नाहीत, आणि फोन गेला की सगळंच गेलं.

रशियाची गोष्ट तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या पालकांना पुरती ठाऊक आहे. मार्च २०२२पासून व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथलं काम थांबवलं. आपलं कार्ड तिथे निव्वळ प्लास्टिक. इराणला मशहद-कोमच्या जियारतीला जाणाऱ्यांचंही तेच. अशा ठिकाणी सगळा खर्च नोटांनी न्यावा लागतो. बहुतेक देशांसाठी नोटांची मर्यादा एका प्रवासाला तीन हजार डॉलर आहे, पण इराण आणि रशियासाठी ती शिथिल आहे. हज-उमराहच्या यात्रेकरूंनाही तशी सवलत आहे.

* * *

तीन हजार डॉलरची ती मर्यादा माणशी आहे, हे इथे मुद्दाम सांगतो. अडीच लाख डॉलरची वार्षिक मुभा माणशी आहे. कार्ड पासपोर्टागणिक मिळतं. कायदा प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र माणूस मानतो. घर मानत नाही.

ऑस्ट्रिया-जर्मनीच्या हमरस्त्यावर टूरची बस दोन-अडीच तासांनी थांबते. स्वच्छतागृहाच्या दारात फिरतं फाटक असतं, नाणं टाकलं की उघडतं. बहुतेक ठिकाणी एक युरो, कुठे थोडं कमी. नवरा बसजवळ फोटो काढत असतो, पाऊच त्याच्या कमरेला. मधुमेहाच्या गोळ्या घेणारी पासष्टीची बाई त्या फाटकासमोर उभी असते आणि मागे वळून त्याला शोधत असते. एका टूर मॅनेजर मुलीने मला सांगितलं की ती स्वतःच्या खिशात नाण्यांची पिशवी बाळगते आणि अशा प्रत्येक थांब्यावर आधी फाटकापाशी जाऊन उभी राहते. काकूंनी मागायच्या आधी ती नाणं पुढे करते. तिच्या या शहाणपणाबद्दल मला आदर वाटला, आणि तो तिला दाखवावा लागतो याचं वाईट वाटलं. त्या बाईंनी आयुष्यभर घराचा हिशेब चालवलेला असतो. एका युरोसाठी त्यांना वळून बघावं लागू नये.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचं दुःख याहून शांत असतं. जाताना दोनशे-तीनशे डॉलर नेतात, ते नातवंडांना देऊन संपतात. मग मंदिरातल्या पेटीत टाकायला, वाणसामानाच्या दुकानात आवडलेली एखादी वस्तू घ्यायला, मुलाकडे मागावं लागतं. मुलगा नाही म्हणत नाही. पण मागायचं असतं, आणि ते बहुतेक जण टाळतात. ठाण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने निघण्याआधी स्वतःच्या नावाचं फॉरेक्स कार्ड करून घेतलं आणि पेन्शनमधून ते भरलं. न्यू जर्सीत सुनेच्या वाढदिवसाला त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, कार्ड देऊन, स्वेटर घेतला. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता, आणि त्यांनी दराबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

एकाच माणसाकडे पैसा असण्यात धोकाही आहे. पाऊच गेला, तो माणूस आजारी पडला, गर्दीत चुकामूक झाली, की सगळं कुटुंब एकदम अडकतं. अशा वेळी भारतातून कुणीतरी रोख हस्तांतरणाच्या काउंटरवर पैसे भरेल आणि आपण तिकडे उचलू, असा बऱ्याच जणांचा समज आहे. आपल्याकडच्या त्या सेवा फक्त परदेशातून भारतात पैसे आणण्यासाठी आहेत. इथून बाहेर पाठवायचे तर बँकेतून, कागदपत्रं करून, आणि त्यात दिवस जातात. म्हणून दुसरं कार्ड हवं, दुसऱ्या बँकेचं, दुसऱ्या माणसाच्या पर्समध्ये. काही कोऱ्या नोटा तिसऱ्या जागी, पण विमानात खाली टाकायच्या बॅगेत कधीच नाही. कार्ड बंद करण्याचे बँकेचे नंबर कागदावर लिहिलेले असावेत, कारण ते फोनमध्ये असतात आणि जातो फोनच.

परतल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांच्या आत विकायचं असतं; दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःकडे ठेवता येतात. नाणी ठेवायला मर्यादा नाही, पण ती मनी चेंजर सहसा घेत नाहीत. शेवटच्या विमानतळावर चहाच्या बिलात संपवावीत. बाहेरून येताना पाच हजार डॉलरपेक्षा जास्तीच्या नोटा सोबत असतील तर कस्टमकडे चलन घोषणापत्र भरावं लागतं.

कराची एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. एप्रिल २०२५पासून प्रवासासाठी वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत चलन घेतलं किंवा कार्डात भरलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा कर, लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर २० टक्के लागतो. टूर कंपनीच्या पॅकेजचा दर वेगळा असतो आणि तो अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे. ही रक्कम बुडत नाही. ती ज्याच्या पॅनवर कापली त्याच्या प्राप्तिकरात वळती होते किंवा परत मिळते, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं. आपलं उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्या कित्येक ज्येष्ठांचे हे पैसे तसेच पडून राहतात. आईच्या नावाने टूरचे पैसे भरले असतील तर आईचं विवरणपत्रही भरा.

येत्या उन्हाळ्याची तिकिटं आता घराघरात निघत असतील. तिकिटं काढाल त्याच आठवड्यात जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाचं कार्ड मागवा. आईचं डेबिट कार्ड परदेशी वापरासाठी चालू करा, आणि जवळच्या एटीएमवर तिला घेऊन जाऊन तिच्याच हाताने, तिच्याच पिनने, एकदा पैसे काढायला लावा. तुम्ही तेवढ्यापुरते बाजूला उभे राहा.